विषय: पॅलेस्टिनी कलांचे कार्यक्रम, मंडळातर्फे जाऊया का?

नमस्कार मंडळी,

आपल्या गावच्या सांस्कृतिक केंद्रात पुढच्या महिन्यापासून पॅलेस्टिनी कलांचे कार्यक्रम आहेत. भरतकाम, दब्के नाच, हिकाये, चित्रपट. हिकाये म्हणजे हिवाळ्याच्या रात्री म्हाताऱ्या बायका पोराबाळांना सांगतात त्या गोष्टी. आपण सगळ्यांनी मिळून जावं, असं फार वाटतं. भरतकामाच्या कार्यशाळेला तर नक्कीच.

– कार्यक्रम समिती

---

ताई, हेतू चांगला आहे. पण या विषयावरून मागे लिस्टवर किती कडवटपणा आला, आठवतंय ना? ज्याला जायचं त्याने जरूर जावं, मंडळाचं नाव मात्र नको. कलेपुरतं म्हणता म्हणता राजकारण येतंच.

– एक जुना सभासद

---

काका, येतं हे खरं आहे. ते नाही येणार असं मी म्हणणार नाही.

२०२३ साली केंब्रिजला केटल्स यार्ड या कलादालनात मी हे भरतकाम पाहिलं. त्याला ततरीझ म्हणतात. आपल्या आया मॅटीवर घरं मोजून फुल्या भरायच्या, अगदी तोच टाका. पूर्वी बाईच्या अंगावरचा थोब, म्हणजे पायघोळ झगा, पाहून ती कुठली ते कळायचं : रामल्लाचा पांढऱ्या कापडावर गडद लाल, बेथलेहेमचा रेशमी दोरा वरून टाचलेला. १९४८ साली, इस्रायल स्थापन झालं तेव्हाच्या युद्धात, सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी माणसं घरादाराला मुकली, कित्येक गावं उरलीच नाहीत. टाका निर्वासितांच्या छावण्यांत चालू राहिला. पुढे पहिल्या इंतिफादात, म्हणजे १९८७ साली इस्रायलच्या ताब्याविरुद्ध सुरू झालेल्या उठावात, पॅलेस्टिनी झेंडा उघड फडकवायला बंदी होती, तेव्हा बायकांनी झेंड्याचे रंग आणि नकाशे थोबवर भरले. घातलेला पोशाख कोण उतरवणार?

२०२१ मध्ये युनेस्कोने ही कला मानवजातीच्या वारशात घेतली. पण मला तिथे नेणारी गोष्ट वेगळी आहे. ज्यांचं गाव गेलं त्यांनी ते अंगावर वागवलं, आणि आता त्यांच्या लेकीसुना आपल्याच गावात येऊन ते शिकवणार आहेत. शेजारी म्हणून आपण जाऊन बसायला हवं. मंडळाचा फलक नको, हे मान्य. सूचना तरी लिस्टवर राहू द्या.

– कार्यक्रम समिती

---

ताई, आमची दोन नावं घ्या. आई सध्या इथेच आहे. तिने भरलेला मॅटीचा टेबलक्लॉथ अजून वापरात आहे. तिचा प्रश्न : थोबचं कापड घट्ट विणीचं, मग घरं मोजतात कशी?

---

वरून जाळीचं कापड टाचतात. दोन्हींतून टाके घालतात आणि भरून झालं की जाळीचे धागे एकेक करून ओढून काढतात. आईंना सांगा, चष्मा आणि बारीक कात्री बरोबर असू द्या.