विलीनीकरणानंतर संघाची परंपरा कोणाची? संदर्भ : ओरिक्स बफेलोज

पंचवटीकर (प्रश्न) :
नमस्कार. आमचे कबड्डी मंडळ आणि शेजारच्या गल्लीतील मंडळ, दोन्हीकडे मिळून जेमतेम एका संघापुरते खेळाडू उरल्याने, यंदा एकत्र आले आहेत. फलक रंगवायला दिला आहे, पण त्यावरील ‘स्थापना’ या शब्दापुढची जागा दोन बैठकांनंतरही रिकामीच आहे. नाव त्यांचे आणि स्थापनेचे वर्ष आमचे, अशी तडजोड आता सुचवली गेली आहे. जपानमधील ओरिक्स बफेलोज हा बेसबॉल संघही विलीनीकरणातून घडला, असे वाचनात आले. तिथे काय ठरले, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सातपूरचा वाचक :
आपली तडजोड आणि तिथली व्यवस्था जवळजवळ एकच आहे. ओसाकाचा किंतेत्सु बफेलोज हा संघ एका रेल्वे कंपनीच्या मालकीचा होता आणि त्याचा तोटा कंपनीला पेलेनासा झाला, म्हणून २००४ मध्ये तो कोबेच्या ओरिक्स ब्लूवेव्ह संघात विलीन करण्याचे ठरले. ‘बफेलोज’ हे नाव किंतेत्सुचे राहिले. मालकी आणि इतिहास मात्र ओरिक्सकडे, म्हणजे १९३६ साली हान्क्यू या दुसऱ्या रेल्वे कंपनीने उभारलेल्या संघापासून चालत आलेल्या परंपरेकडे गेला. म्हणूनच २०२१ मध्ये बफेलोजने पॅसिफिक लीग जिंकली, तेव्हा ते विजेतेपद २५ वर्षांनी, १९९६ नंतर प्रथमच आले, असे मोजले गेले. किंतेत्सुने २००१ मध्ये हीच लीग जिंकली होती, पण ती या हिशेबात धरली गेली नाही.

गोदाकाठ :
वरील माहिती अचूक आहे, परंतु माणसांचे काय झाले, हेही सांगायला हवे. विलीनीकरणाविरुद्ध खेळाडूंची संघटना अत्सुया फुरुता यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली आणि १८ व १९ सप्टेंबर २००४ रोजी जपानी व्यावसायिक बेसबॉलच्या इतिहासातील पहिला संप झाला. विलीनीकरण टळले नाही. मात्र २००५ पासून सेंदाई शहरात राकुतेन हा नवा संघ आला आणि दोन्ही जुन्या संघांतील खेळाडू ओरिक्स व राकुतेन यांच्यात वाटले गेले. किंतेत्सुचा उत्तम गोलंदाज (बेसबॉलमध्ये त्याला पिचर म्हणतात) हिसाशी इवाकुमा याने ओरिक्सकडून खेळण्यास नकार दिला आणि तो राकुतेनकडे गेला.

कोबेकरांचेही दुःख लहान नव्हते. जानेवारी १९९५ च्या भूकंपानंतर ज्या ब्लूवेव्हच्या खेळाडूंनी बाहीवर ‘गांबारो कोबे’, म्हणजे ‘कोबे, हिंमत धर’, असे शब्द लावून त्याच वर्षी लीग जिंकली, त्या ब्लूवेव्हचे नावच पुसले गेले. एकाने नाव गमावले, दुसऱ्याने जुने विजय गमावले. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की आपण दोन्ही वर्षे लिहावीत. फलकावर एक ओळ वाढेल, इतकेच.

पंचवटीकर :
मनःपूर्वक आभार. ‘आमचे नाव ठेवा, वर्ष तुमचे लिहा’, असे त्या मंडळातील एका ज्येष्ठ काकांनीच सुचवले होते, आणि मी ते सहज मान्य करणार होतो. त्यांच्या कपाटातील ढालींवर त्यांच्या स्वतःच्या खेळाच्या दिवसांतील वर्षे कोरलेली आहेत, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. रविवारच्या बैठकीआधी मी त्यांच्या घरी जाऊन येतो आणि रंगाऱ्याला तोवर थांबायला सांगतो.