गाड्यांच्या फुटलेल्या काचा, गल्लीतल्या काठ्या आणि न नोंदवलेल्या तक्रारी

पाटीबहाद्दर (मूळ लेख)

पुण्यात आमच्या भागातल्या रहिवाशांच्या व्हॉट्सॲप गटावर परवा एक लांबलचक संदेश फिरला. सारांश असा: रात्री रस्त्यावर लावलेल्या गाड्यांच्या काचा फुटताहेत, लॅपटॉपच्या बॅगा जाताहेत, पोलीस ढिम्म आहेत. तेव्हा प्रत्येक इमारतीतून दोन तरुण, हातात काठ्या, बारा ते चार गस्त. ‘सापडला तर आधी आपण समाचार घेऊ, मग पोलिसांना फोन.’ खाली अंगठ्यांचा पाऊस. तिथे लिहिलं तर ॲडमिन काढून टाकतो, म्हणून इथे लिहितोय.

पोलीस काही करत नाहीत म्हणणाऱ्यांपैकी तक्रार किती जणांनी दिली? आमच्याच इमारतीत विचारून पाहिलं. एकाने साधा अर्ज दिला, पोच घेतली आणि एफआयआर झाला असं समजून घरी आला. दुसरा म्हणतो, चौकीत अर्धा दिवस मोडतो. तिसऱ्याने विमा कंपनीलाही कळवलं नाही, कारण काचेपायी नो क्लेम बोनस घालवायचा नव्हता. चौथ्याने फक्त गटावर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘पोलीस झोपलेत का?’ म्हणजे पोलीस ठाण्याच्या कागदांवर आमची गल्ली स्वच्छ! मग गस्त वाढवा हे कोणाला आणि कशाच्या जोरावर सांगणार?

आता कॅमेरे. इमारतीला आठ आहेत. सहा आतल्या बाजूला, जिन्यातल्या चपला राखायला. एक फाटकावर. एक रस्त्याकडे, त्याच्यासमोर गुलमोहराची फांदी. चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरचं घड्याळ तासभर मागे. तपास पथकातला माणूस पेनड्राइव्ह घेऊन आला, तर सेक्रेटरी म्हणाले पासवर्ड आधीच्या कमिटीकडे आहे. आधीची कमिटी आणि आताची कमिटी एकमेकांशी बोलत नाहीत. तो बिचारा चहा पिऊन गेला.

आणि काठ्या. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, जुलै २०१८: पोरं पळवणारी टोळी आल्याची अफवा, पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. डवरी गोसावी समाजाची माणसं होती, मंगळवेढ्याकडची. पालघरचं गडचिंचले, एप्रिल २०२०: चोर आल्याची अफवा, दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर गेले. ‘आपल्याकडे शिकलेले लोक आहेत’ असं कोणी म्हणणार असेल तर त्याने गटावरचा तो संदेश पुन्हा वाचावा.

रात्रपाळी_प्रमुख

लेख छान, झोपून लिहिलेला दिसतो. तो संदेश मीच लिहिला होता, त्यामुळे उत्तर मीच देतो. माझ्या गाडीची मागची काच फुटली तेव्हा मी गेलो होतो चौकीत. ठाणे अंमलदाराने पहिला प्रश्न काय विचारला? ‘बॅग गाडीत ठेवलीच कशाला?’ दुसरा, ‘लॅपटॉप कंपनीचा की तुमचा?’ शेवटी ‘मिसिंगचा दाखला देतो, विम्याला चालतो.’ चोरीला मिसिंग म्हणायचं! तेव्हा ‘जा, तक्रार करा’ हा शहाणपणा आम्हाला शिकवू नका. गस्त सुरू झाल्यापासून आमच्या गल्लीत एकही काच फुटलेली नाही. हा घ्या पुरावा.

पलीकडची_गल्ली

पुरावा नंबर दोन माझ्याकडे आहे. तुमची गस्त सुरू झाली आणि आमच्या गल्लीत दोन गाड्या फुटल्या. चोराने फक्त वळण बदललं. धन्यवाद साहेब.

रात्रपाळी_प्रमुख

मग तुम्हीही गस्त सुरू करा. कोणी अडवलंय?

पलीकडची_गल्ली

आणि मग त्याच्या पलीकडची गल्ली? अशी करत करत गस्त खडकवासल्यापर्यंत नेऊ या का?

माईआजी

मी काठ्यांबद्दल बोलते. तुमची नाही, पण आमच्याकडेही अशीच तरुण मंडळी रात्री फिरतात. आमच्या दूधवाल्याचा पोरगा पहाटे चारला सायकलवर येतो. त्याला थांबवून आधार कार्ड मागितलं, पिशवी उलटी करायला लावली. दोन पिशव्या फुटल्या, दूध रस्त्यावर. पोरगा घाबरून यायचाच बंद झाला. आता दूध साडेसहाला येतं आणि ह्यांचा चहा होईपर्यंत घरात शांतता नसते. एवढ्या रात्रींत मोठ्या गाडीतून उतरलेल्या एकालाही कोणी ‘कुठून आलात’ विचारल्याचं मी गॅलरीतून पाहिलेलं नाही. मला झोप लागत नाही, मी सगळं बघत असते.

रात्रपाळी_प्रमुख

माई, त्या दुधाचे पैसे मी देतो. पण अनोळखी माणसाला विचारायचंच नाही का?

माईआजी

विचारा की. पण तो पोरगा अनोळखी कुठे होता? तुमच्याही घरी त्याचंच दूध येत असेल, फक्त तुम्ही त्याचं तोंड कधी पाहिलेलं नाही.

खाकी_निवृत्त

नोकरीत होतो तेव्हाचं सांगतो. गाडी फोडणारे सगळे एका माळेचे मणी नसतात. एक, कोयते घेऊन दहशत बसवायला दहा-वीस गाड्या फोडणारी पोरं. त्यांना चोरी करायचीच नसते, दुसऱ्या गँगला दाखवायचं असतं. त्यात निम्मी अल्पवयीन, म्हणजे आमच्या भाषेत विधिसंघर्षग्रस्त बालकं. दोन, लॅपटॉपवाले. ते बारा ते चार कशाला येतील? संध्याकाळी हॉटेलांसमोर आणि मंगल कार्यालयांबाहेर पाळत ठेवतात, गलोलीने काच फोडतात, आवाज फारसा होत नाही. तीन, मारुती इको गाड्यांचे सायलेन्सर काढणारे. सायलेन्सरमध्ये धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम. त्यातून निघणाऱ्या मातीसारख्या भुकटीला भंगारात भाव आहे. गाडीखाली शिरून काही मिनिटांत काम तमाम. या तिघांना एकच काठी कशी पुरणार?

आणि पहिल्या प्रकारासमोर काठी घेऊन उभे राहू नका. कोयता काठीपेक्षा आखूड असतो, पण समोरचा नशेत असतो.

रात्रपाळी_प्रमुख

त्या पोरांची त्याच गल्लीतून धिंड काढतात ना हल्ली? ते बरं वाटतं बघायला.

खाकी_निवृत्त

बघायला बरं वाटतं खरं. त्यातला एखादा जामिनावर सुटला की त्याच धिंडीचा व्हिडिओ स्टेटसला ठेवतो. गल्लीत वट वाढते.

आता तुमच्या चौकीच्या अनुभवाबद्दल. ठाण्यातले गुन्ह्यांचे आकडे वाढलेले वरच्यांना आवडत नाहीत, म्हणून अर्जावर, दाखल्यावर भागवलं जातं. हे होतं. नाकारत नाही. पण माणूसबळाचंही ऐका. अख्ख्या हद्दीत रात्री गस्तीच्या पोलिसांच्या, म्हणजे मार्शलच्या, मोजक्या मोटारसायकली. गणपती, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा आला की तेवढीही माणसं बंदोबस्ताला.

वकिली_चष्मा

काठीवाल्यांसाठी कायद्याचं थोडं. १ जुलै २०२४ पासून जुन्या आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. कलम ३०३(२) प्रमाणे पाच हजारांच्या आतली चोरी असेल आणि आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल, तर वस्तू किंवा तिची किंमत परत केल्यावर शिक्षा समाजसेवेची. असा गुन्हा अदखलपात्र, म्हणजे पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करत नाहीत, नुसती नोंद करून तुम्हाला तिची एनसी देतील. त्यामुळे तक्रारीत ‘बॅग गेली’ एवढंच लिहू नका. लॅपटॉपचं बिल जोडा, किंमत लिहा. वाहनातून वस्तू चोरण्याला कलम ३०५ मध्ये वेगळी, सात वर्षांपर्यंतची तरतूद आहे. खासगी गाडीला ती लागते का यावर ठाण्यात वाद घालावा लागतो. घाला.

नागरिकाला अटक करता येते, कलम ४०, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. पण गुन्हा डोळ्यांसमोर घडलेला हवा, तो दखलपात्र आणि अजामीनपात्र हवा, आणि माणूस सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायला हवा. ‘आधी समाचार’ कोणत्याच कलमात नाही. तुमच्यावर मात्र कलमं लागतील, तीही दखलपात्र.

दखलपात्र गुन्हा असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो, सर्वोच्च न्यायालय, ललिता कुमारी खटला, २०१३. नाही घेतला तर उपायुक्तांना पोस्टाने पाठवा. ऑनलाइनही देता येतो, तीन दिवसांत जाऊन सही करायची.

बिनगाडीवाला

इतके प्रतिसाद झाले आणि मूळ मुद्द्याला कोणी हात घातला नाही. गाडी रस्त्यावर का होती?

रात्रपाळी_प्रमुख

आले. वाटच बघत होतो.

बिनगाडीवाला

आलोच. रस्ता तुमच्या तीर्थरूपांचा नाही. सार्वजनिक जागेवर पंधरा लाखांची वस्तू फुकट ठेवायची आणि वर सरकारने ती राखायची! मार्च २०१८ मध्ये महापालिकेने पे अँड पार्कचं धोरण मंजूर केलं, तर सगळे पक्ष आणि तुम्ही सगळे मिळून ओरडलात. शेवटी ते पाच रस्त्यांपुरतं उरलं. माझ्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या. मध्ये ॲम्ब्युलन्स जात नाही. फुटपाथवर विटा आणि कुंड्या मांडून जागा अडवलेल्या. एक मारुती तर चाकं बसून जमिनीला टेकलीय, मालक आत जुनी वर्तमानपत्रं ठेवतो.

पाटीबहाद्दर

विषय पार्किंगचा नाही हो.

टोकियोतला_टिळकरोडी

विषय तोच आहे. जपानमध्ये १९६२ चा कायदा आहे. घरापासून दोन किलोमीटरच्या आत गाडी ठेवायला जागा असल्याचा पोलिसांचा दाखला नसेल, तर साधारण गाडी तुमच्या नावावर होत नाही. रात्री आठ तासांहून जास्त गाडी रस्त्यावर ठेवणंच बेकायदा. इथे मी रस्त्यावर फुटलेली काच पाहिलेली नाही, कारण रात्री रस्त्यावर गाडीच नसते.

कर्जबाजारी_टूबीएचके

जपानचं कौतुक झालं असेल तर इकडचं ऐका. आमची जुनी इमारत रीडेव्हलपमेंटला गेली. पूर्वी बारा बिऱ्हाडं, आता चाळीस. बिल्डरने यांत्रिक स्टॅक पार्किंग दिलं. खालची गाडी काढायची तर वरच्याला फोन. लिफ्ट बंद पडली की गाडी तिसऱ्या मजल्यावर अडकते. मी दोन पार्किंगचे वेगळे पैसे मोजलेत आणि गाडी रस्त्यावर लावतो. हौस म्हणून नाही.

वकिली_चष्मा

वेगळे पैसे का मोजलेत? स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखाली खांबांमधलं, पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय, नहालचंद विरुद्ध पांचाली सोसायटी.

कर्जबाजारी_टूबीएचके

हे मला करारावर सही करताना कोणी सांगितलं नाही. तुम्ही कुठे होतात?

बिनगाडीवाला

एका टूबीएचकेला दोन पार्किंग! मला दुःख आवरेना.

कर्जबाजारी_टूबीएचके

बायको हिंजवडीला, मी खराडीला. तुमच्यासारखे निवृत्त होऊन गॅलरीत बसलो की आम्हीही सायकल घेऊ. टोमणे मारायला पैसे पडत नाहीत.

बिनगाडीवाला

मी निवृत्त नाही, रोज बसने जातो. उभा राहून. तुमच्या दोन गाड्यांमध्ये एकेक माणूस बसलेला बघत.

पाटीबहाद्दर

दोघेही जरा दमानं घ्या. काच फुटली याचा अर्थ चोराने पार्किंगचा दंड वसूल केला असा होत नाही. बेकायदा लावलेल्या गाडीतली चोरीही चोरीच असते.

बिनगाडीवाला

कायद्याने असेल. सहानुभूती मात्र मागू नका.

बे_एरिया_भाऊ

सॅन फ्रान्सिस्कोत २०१७ साली गाड्या फोडण्याच्या तीस हजारांवर घटना नोंदल्या गेल्या. फुटपाथवर हिरवट काचेचा चुरा नेहमीचाच होता. लोक खिडकीला कागद लावायचे, ‘आत काही नाही’. कॅलिफोर्नियात गंमत अशी की गाडीला कुलूप होतं हे सरकारी वकिलाला सिद्ध करावं लागे. काच फुटलेली, आणि कुलूप होतं का यावर कोर्टात काथ्याकूट! ती पळवाट २०२४ च्या कायद्याने बुजवली. २०२३ पासून पोलिसांनी आमिषाला गाड्या ठेवल्या, आणि नंतरच्या वर्षी घटना निम्म्याहून कमी झाल्या. हे तीस हजार कुठून कळले? लोकांनी ऑनलाइन तक्रारी दिल्या म्हणून. म्हणून मी मूळ लेखाच्या बाजूने.

रात्रपाळी_प्रमुख

तिथे राहून इथल्या चौकीबद्दल मत देणं सोपं आहे. असो. सगळेच माझ्यावर धावून आलेत तर ऐका. काठ्या ठेवतो घरी. माईंच्या दूधवाल्याचं वाचून जरा कसंतरीच झालं, हे कबूल. गस्त मात्र चालणार, शिट्ट्या आणि टॉर्च घेऊन, कोणाला हात लावायचा नाही, गाडीचा नंबर टिपायचा आणि ११२ ला फोन. आता तुमची पाळी. बसून लेख लिहिण्यापेक्षा ज्यांच्या काचा फुटल्या त्या सगळ्यांना घेऊन ठाण्यात या. एकट्याला ‘बॅग ठेवलीच कशाला’ विचारतात, दहा जणांना विचारतील का बघू.

पाटीबहाद्दर

येतो. शनिवारी अकराला. बिलं, आरसी, विम्याचे कागद घेऊन या. फुटेज द्यायचं असेल तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, पूर्वीचं ६५-ब, त्यावर सेक्रेटरीची सही हवी. पासवर्डसाठी आधीच्या कमिटीशी मी बोलतो, माझं त्यांच्याशी बरं आहे.

खाकी_निवृत्त

शनिवारी वरिष्ठ निरीक्षक भेटतील याची खात्री नाही. सोमवारी या, आणि आधी फोन करा. बीटवाल्याला, म्हणजे तुमच्या भागाच्या पोलिसालाही, बोलवा. गस्तीच्या हजेरीचा क्यूआर कोड तुमच्या कोपऱ्यावर लावून घ्या, म्हणजे मार्शलला तिथे येऊन स्कॅन करावंच लागेल.

कर्जबाजारी_टूबीएचके

सोमवारी सुट्टी काढावी लागेल. आणि ठाण्यासमोर गाडी कुठे लावायची?

बिनगाडीवाला

पीएमटीने या. स्टॉप समोरच आहे.

कर्जबाजारी_टूबीएचके

रिक्षाने येईन, पण तुमच्या शेजारी बसणार नाही.