पॉट्स असलेल्या मुलीचा उन्हाळा कसा सांभाळायचा? मदत हवी आहे

नमस्कार. माझी मुलगी २१ वर्षांची. तिला पॉट्स आहे, म्हणजे उभं राहिलं की हृदयाचे ठोके एकदम वाढण्याचा आजार. उभी राहिली की धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. वर्षभर 'अशक्तपणा आहे, टेन्शन घेते' हेच ऐकलं. शेवटी टिल्ट टेबल टेस्ट केली. आडवी असताना नाडी ७४, टेबल उभं केल्यावर दहा मिनिटांच्या आत ११८, बीपी मात्र उतरलं नाही. (मोठ्यांमध्ये ३० ठोक्यांची वाढसुद्धा पॉट्सकडे बोट दाखवते.)

मीठ-पाणी वाढवलंय, बसून करायचे व्यायामही चालू आहेत. अडलंय ते कमरेपर्यंतच्या घट्ट स्टॉकिंग्जपाशी. नागपूरच्या मे महिन्यात ते दिवसभर घालायचे कसे? त्याऐवजी कुणी नुसता पोटाचा पट्टा वापरलाय का? आणि प्रॅक्टिकलला तासन्‌तास उभं राहावं लागतं, तिथे स्टूल मिळावं म्हणून कॉलेजला कोणतं सर्टिफिकेट दिलंत? पोरगी जिद्दीची आहे हो. अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.