गोवर निघू द्यावा की लस टोचावी?

माजघर: नातीला नऊ महिने झाले. उद्या गोवर-रुबेलाची लस आहे. मी सुनेला म्हटलं, राहू दे. आम्हा चौघा भावंडांना एकापाठोपाठ गोवर निघाला. आईने उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला, घरातली फोडणी बंद केली, आठवड्यात सगळे अंगणात. कोण मेलं? एवढ्याशा जिवाला किती सुया?

खारघरकर: काकू, ‘कोण मेलं’ हे जगलेलीच माणसं विचारतात. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडीला गोवराची साथ आली, मुलं दगावली, त्यातल्या बहुतेकांना लस मिळालेली नव्हती. शेवटी पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना जादा डोस द्यावा लागला. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेला तरी दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत विषाणू असू शकतो. पाला काय करणार?

दोन नंबरची आई: मी काकूंच्या बाजूने, निदान अर्धी. लेकाला दीड महिन्याचा असताना पेंटा दिली, डांग्या खोकल्यासह पाच आजारांची एकत्र लस. रात्रभर ताप, मांडीवर सुपारीएवढी गाठ. टोचणारीने ‘ताप येईल’ एवढंही सांगितलं नव्हतं. आणि गोवराच्या लशीने ऑटिझम होतो म्हणतात, त्याचं काय?

खारघरकर: सांगितलं नाही ही चूकच, त्यात वाद नाही. पण तो ताप डांग्या खोकल्याच्या भागामुळे येतो. सरकारी लशीत त्याचा अख्खा मारलेला जिवाणू असतो. खासगीत ‘पेनलेस’ म्हणून विकतात त्यात त्याचे निवडक अंशच, म्हणून ताप कमी. ऑटिझमची भीती वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरच्या १९९८ च्या लेखातून आली. मुलं किती, तर १२. तो छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने तो लेख २०१० मध्ये मागे घेतला, त्याच वर्षी त्याची डॉक्टरकीची नोंदणीही गेली. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलं तपासली, संबंध सापडला नाही. ते २०१९ साली.

माजघर: बरं. पण गोवर निघून गेला की मूल घट्ट होतं, हे तर खरं ना?

खारघरकर: गोवरापुरतं घट्ट. बाकीच्या आजारांशी लढायची शरीराने केलेली कमाई मात्र तो बरीचशी पुसून टाकतो. म्हणून गोवरानंतर न्यूमोनिया, जुलाब मागे लागतात.

माजघर: मग जन्मल्याबरोबर का नाही देत?

खारघरकर: आईकडून आलेली प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारे रक्तातले घटक, सुरुवातीचे काही महिने बाळात असतात, ती लशीलाच निकामी करतात. ती ओसरली की नऊ महिन्यांनी पहिला डोस, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा. तो चुकवू नका, पहिल्याने सगळ्याच मुलांना संरक्षण मिळतं असं नाही.

दोन नंबरची आई: मला अजून पूर्ण पटलेलं नाही. पण काकू, ताप आलाच तर काय द्यायचं, किती द्यायचं, ते तिथेच विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं.

माजघर: सूनबाई साडेनऊला निघणार म्हणतेय. मी काही जाणार नाही, मला पोरीचं रडणं बघवत नाही. कार्ड काढून तिच्या पर्समध्ये ठेवलंय. पाला मात्र आणणार.