डॉर्ड्रेख्टचा १४२१ चा पूर : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नेदरलँड्समधल्या डॉर्ड्रेख्टवर लेख लिहितेय. नद्यांच्या संगमावरचं हे गाव. १२२० मध्ये नगराचे हक्क मिळाले. १२९९ पासून येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांना माल इथेच उतरवून विकायला ठेवावा लागे. म्हणजे पाण्यानेच श्रीमंत केलं! मग १८-१९ नोव्हेंबर १४२१ च्या रात्री बांध फुटले, आसपासची सुपीक जमीन बुडाली आणि शहर बेटावर उरलं.

अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये या पुराची चित्रं आहेत. बोचकी घेऊन शहराकडे निघालेली माणसं बघून पोटात कालवतं. त्यांचं पुढे काय झालं? शहराने त्यांना सामावून घेतलं का? मला हेच लिहायचंय. नेदरलँड्समध्ये राहणाऱ्यांपैकी कोणी याबद्दल कुठे काही वाचलेलं असेल तर कृपया सांगा. डच मजकूरही चालेल, अर्थ लावून घेईन.