शेल स्क्रिप्टमधला मेन्यू: सोय की सापळा?

धागाकर्ता, ऐरोली
महापे येथील आमच्या कार्यालयात रात्रपाळीचे ऑपरेटर बॅकअप घेणे, सेवा पुन्हा सुरू करणे, जुने लॉग काढणे ही कामे एकाच बॅश स्क्रिप्टमधून (लिनक्सच्या 'बॅश' शेलला द्यायच्या आज्ञांच्या फाइलमधून), मेन्यूतला आकडा दाबून करतात. नव्या वरिष्ठांचा आग्रह आहे की मेन्यू काढून टाकावा आणि कामाचे नाव स्क्रिप्टच्या नावापुढेच टाइप करावे. मला हे पटत नाही. पहाटे ३ वाजता झोपेतून उठवलेल्या माणसाला पर्याय डोळ्यांसमोर दिसले पाहिजेत, आणि त्यासाठी बॅशमध्ये मेन्यू दाखवून निवड घेणारे 'सिलेक्ट' आयतेच आहे. क्रमांक तेच घालते, यादीबाहेरचा आकडा दिल्यास निवड साठवणारे व्हेरिएबल रिकामे ठेवते, नुसते एंटर दाबल्यास यादी पुन्हा दाखवते. यादीखालची सूचना ठरवणाऱ्या 'पीएस३' या व्हेरिएबलमध्ये 'पर्याय क्रमांक द्या' असे लिहिले की एरवी दिसणारे '#?' हे कोडेही उरत नाही.

घणसोलीहून
आकडा हेच तर मूळ दुखणे आहे. आमच्याकडे कोणीतरी अशाच यादीच्या मध्येच नवा पर्याय घातला. 'स्थिती पाहा' ३ वरून ४ वर सरकले आणि ३ वर 'जुने लॉग काढा' आले. वर्षभराच्या सवयीने बोटांनी ३ च दाबले, आणि ज्या तक्रारीचा माग काढायचा होता तिचेच लॉग गेले. शिवाय क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चाललेल्या मेन्यूला उत्तर देणार कोण?

धागाकर्ता
नवा पर्याय शेवटी घालावा ही शिस्त माणसाने पाळायची. तिचे खापर सिलेक्टवर का फोडता? क्रॉनचे म्हणाल, तर इनपुट संपताच सिलेक्टचा लूप आपोआप थांबतो. 'व्हाइल ट्रू' या न संपणाऱ्या लूपमध्ये 'रीड' ही इनपुट वाचणारी आज्ञा घालून हाताने रचलेला मेन्यू मात्र थांबत नाही. तो 'चुकीचा पर्याय' छापत सकाळपर्यंत डिस्क भरतो.

वागळे इस्टेट, ठाणे
सिलेक्ट कॉर्नशेल या दुसऱ्या शेलमधून आले आहे, पॉसिक्स या सामाईक मानकात ते नाही. उबंटू लिनक्सवर २००६ पासून 'एसएच' ही आज्ञा म्हणजे बॅश नव्हे, तर डॅश हे साधे शेल, त्यामुळे कोणी 'एसएच' लावून स्क्रिप्ट चालवली की सिन्टॅक्स एरर ठरलेली. माझ्या मते, स्क्रिप्टपुढे कामाचे नाव दिले असेल तर तेच काम करावे. दिले नसेल आणि इनपुट खरोखर टर्मिनलवरून येत असेल, तरच मेन्यू दाखवावा. ही तपासणी एका ओळीची आहे. लॉग काढण्यापूर्वी मात्र आकडा नव्हे, पूर्ण शब्द टाइप करून घ्यावा.

घणसोलीहून
एवढे मान्य. फक्त निवडीप्रमाणे काम ठरवणाऱ्या 'केस' मध्ये तुलना 'रिप्लाय' मधल्या, म्हणजे टाइप केलेल्या, आकड्याशी करू नका, सिलेक्टने निवडलेल्या नावाशी करा. नाहीतर यादीचा क्रम बदलला की पडद्यावर एक दिसते आणि घडते दुसरेच.