मदत हवी आहे: विश्वातल्या पहिल्या धुळीला एवढी घाई कशी झाली?

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला. नोकरी बेळगावात उद्यमबागेत, फाउंड्रीत, सव्वीस वर्षं. धुळीबद्दल मला कुणी काही सांगायला नको अशी माझी समजूत होती. नववीतल्या पुतणीने ती मोडली.

झालं असं, की २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, गावच्या वाचनालयात पोरांसमोर वीस मिनिटं बोलायचं मी कबूल करून बसलोय. विषय माझाच: ताऱ्यांभोवतीची धूळ. २०२० च्या जानेवारीत सेकंड शिफ्ट करून घरी येताना मृगातली काक्षी, म्हणजे आपली आर्द्रा, एकदम मलूल दिसली होती. गाडी लावून दहा मिनिटं बघत उभा राहिलो. पुढे वाचलं की ताऱ्याने वायूचा एक लोट बाहेर टाकला, तो गार होऊन त्याची धूळ झाली आणि तीच आपल्या नि ताऱ्याच्या मध्ये आली. तेव्हापासून हे डोक्यात आहे.

वायूपासून धूळ होते हे मला पटवायला लागत नाही. आमच्याकडे एसजी आयर्न (कमी ठिसूळ असं ओतीव लोखंड) करताना १४०० अंशांच्या पुढच्या लोखंडात मॅग्नेशियम देतात. ते १०९० अंशांनाच उकळतं. लॅडलमधून, म्हणजे वितळलेलं लोखंड धरायच्या भांड्यातून, डोळे दिपवणारा पांढरा झोत उठतो, मागून पांढरा धूर, आणि संध्याकाळी क्रेनच्या गर्डरवर बोट फिरवलं की पिठासारखी भुकटी लागते. मघाशी ती धातूची वाफ होती! शेजारच्या मशीनवरचा आमचा कन्नड दोस्त तिला ‘धूळु’ म्हणतो, मी धूळ. एवढ्या बाबतीत तरी सीमेच्या दोन्ही बाजूंचं एकमत आहे.

आता अडचण. घरी सराव केला, तर पुतणी म्हणाली, “काका, सुरुवातीला नुसता हायड्रोजन आणि हेलियम होता म्हणताय. मग धूळ कशाची? आणि तारा म्हातारा झाला की धूळ सोडतो, तर म्हातारं व्हायला वेळ नको?” मी म्हटलं, विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं, वेळ भरपूर आहे. तर तिने माझ्याच कागदावर बोट ठेवलं. त्यात मीच लिहिलं होतं की जेम्स वेब दुर्बिणीला महास्फोटानंतर फक्त ८० कोटी वर्षांच्या दीर्घिकेत कार्बनची धूळ सापडली. सूर्यासारख्या ताऱ्याला म्हातारपण यायला हजार कोटी वर्षं लागतात. हिशेब जमेना. वर दुसरा प्रश्न: “कार्बनच आहे हे कोण जाऊन बघून आलंय?”

जाणकारांनी सोप्या मराठीत सांगावं. समीकरणं नकोत, पोरं सहावी ते नववीची आहेत.

प्रतिसाद १

निपाणीहून. आमच्याकडे धूळ म्हणजे तंबाखूची, शिंकल्याशिवाय कळत नाही. उत्तर माहीत नाही, धागा वाचतोय. पुतणीला शाबासकी सांगा.

प्रतिसाद २

पुतणीचा आक्षेप अगदी बरोबर आहे, आणि खगोलशास्त्रज्ञही तिथेच अडले होते. म्हणून तो लपवू नका, भाषणच त्याच्याभोवती बांधा.

सगळे तारे सूर्यासारखे सावकाश जगत नाहीत. सूर्याच्या वीसपट जड तारा साधारण एक कोटी वर्षांत इंधन उडवून मोकळा होतो आणि अतिनवतारा होऊन फुटतो. कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन, मॅग्नेशियम हे त्याने पोटात शिजवलेलं असतंच. फुटल्यावर तो माल पसरत, गार होत जातो आणि हजार-बाराशे केल्विनच्या आसपास कण धरायला लागतो. १९८७ साली मोठ्या मॅगेलन मेघात, म्हणजे शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेत, असा तारा फुटला. २०११ मध्ये हर्शेल दुर्बिणीने तिथे जवळपास अर्ध्या सूर्याइतक्या वस्तुमानाची थंडगार धूळ मोजली, आणि पुढे चिलीतल्या आल्मा दुर्बिणींनी ती स्फोटाच्या पोटातच आहे हे दाखवलं. म्हणजे तीस वर्षांच्या आत! ८० कोटी वर्षं त्यापुढे ऐसपैस झाली.

फक्त एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगा. स्फोटाचीच एक धक्कालाट उलटी फिरून आत येते आणि झालेली धूळ पुन्हा फोडते. त्यातली किती वाचते यावर अजून वाद आहे.

दुसरा दावेदार म्हणजे वुल्फ-रायेट तारे. हेही जड आणि अल्पायुषी. त्यातल्या डब्ल्यूआर १४० चं वेबने घेतलेलं चित्र नक्की दाखवा. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात, दर आठ वर्षांनी जवळ येतात, त्यांचे वारे एकमेकांवर आदळतात आणि धुळीचं एक कडं सुटतं. चित्रात अशी सतरा कडी मोजता येतात. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखी, पोरं लगेच मोजायला लागतील.

आता कार्बन कसा ओळखला. तुमच्या फाउंड्रीच्या धुरातून सूर्य लाल दिसतो ना? बारीक कण निळा प्रकाश जास्त अडवतात. कार्बनच्या कणांची आणखी एक खोड: अतिनील प्रकाशात, आपल्या आकाशगंगेत २१७.५ नॅनोमीटरच्या आसपास, ते प्रकाशाचा ठरावीक लचका तोडतात. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या त्या दीर्घिकेत तोच लचका दिसला, पण २२६ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे किंचित सरकलेला. विश्व प्रसरण पावल्याने प्रत्येक लांबी ७.७ पट ताणली गेली, म्हणून आपल्याकडे तो अवरक्तात, सुमारे १.७ मायक्रॉनवर येतो. वाटेतल्या आपल्या धुळीचा लचका तिथे पडूच शकत नाही, त्यामुळे ही तिकडचीच धूळ. आणि त्या सरकण्यावरून शंका अशी, की तिथल्या कणांची जात आपल्याकडच्यापेक्षा थोडी वेगळी असावी.

मॅग्नेशियमचं उदाहरण झकास आहे. एक दुरुस्ती: तुमच्याकडे ते हवेतल्या ऑक्सिजनमध्ये जळतं. ताऱ्याजवळ हवा नसते, ताऱ्याच्याच वायूतला ऑक्सिजन आणि सिलिकॉन त्याला भेटतो आणि सिलिकेट होतं. तुमच्या मोल्डिंगच्या वाळूतही सिलिकॉन आणि ऑक्सिजनच आहेत, हे वाचनालयात सांगाच.

प्रतिसाद ३

वरच्यात थोडी भर. पहिले तारे जड का झाले, तर धूळ नव्हती म्हणून. वायूचा ढग आकसायला गार व्हावा लागतो. आज हे काम धूळ करते: कणाच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे अणू जोडीने रेणू बनतात, आणि कण उष्णता अवरक्त रूपात बाहेर फेकतात. तेव्हा ही सोय नव्हती. ढग नीट गार होईना, लहान तुकडे पडेनात, म्हणून जडच तारे झाले. ते लवकर फुटले आणि धूळ आली.

धागाकर्ता

मंडळी, मनापासून आभार. प्रतिसाद ३ वाचून दाखवला तर पुतणी म्हणाली, “म्हणजे धूळ नव्हती म्हणूनच धूळ लवकर झाली.” हे वाक्य मी भाषणात तिच्याच तोंडून म्हणवून घेणार आहे.

गर्डरवरची भुकटी काचेच्या बाटलीत भरून ठेवलीय. बंदच ठेवणार, पोरांच्या नाकात जायला नको. काचेच्या पेल्यात पाणी, त्यात दुधाचे चार थेंब आणि मागून टॉर्च: प्रकाश तांबूस होतो, हे काल रात्री करून बघितलं. दूध जास्त पडलं तर काहीच दिसत नाही, हेही कळलं.

आता शेवटची मदत. त्या रात्री आकाश मोकळं असलं तर काक्षी आणि कृत्तिका दाखवायच्या आहेत. खानापूर, जांबोटी किंवा लोंढ्याकडे कुणाजवळ लहानशी का होईना दुर्बीण आहे का? ने-आण मी करेन. जेवण आमच्याकडे.